फुटपाथवर मागून सायकल आली, तर थांबायचं कोणी? पादचारी आणि सायकलस्वारांच्या वाटणीचं गणित

सकाळी सात-साडेसातला पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याच्या रुंद फुटपाथवर बरीच वर्दळ असते. फिरायला निघालेले आजी-आजोबा, क्लासला चाललेली मुलं, रात्रपाळी संपवून सायकलवर घरी निघालेला एखादा सुरक्षारक्षक. अशात मागून घंटी वाजते. आजी दचकतात आणि सायकल ज्या बाजूने येतेय, नेमक्या त्याच बाजूला सरकतात. करकचून ब्रेक लागतो. लागत कुणालाच नाही, पण दोघंही चिडतात. आजी म्हणतात, "फुटपाथ चालायला आहे की सायकल दामटायला?" सायकलवाला म्हणतो, "घंटी दिली होती ना?"

अशा प्रसंगाचा व्हिडिओ कुणी टाकला, की खाली दोन तट पडतात. एक म्हणतो, फुटपाथ हा चालणाऱ्यांचा. दुसरा विचारतो, मग आम्ही काय बसच्या चाकाखाली जायचं? गंमत अशी, की दोघांचंही बरोबर असतं. भांडण ज्या दीड-दोन मीटरच्या पट्टीवरून चालतं, त्या पट्टीत दोघांनाही ढकललेलं असतं ते तिसऱ्याच कुणीतरी.

मुळात धोका कोणाला आणि कोणापासून?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे दर पाचातला जवळपास एक. सायकलस्वारांची संख्या ४,८०० हून अधिक होती. यातले बहुतेक मृत्यू मोटारी, ट्रक, बस आणि मोटारसायकलींच्या धडकेत होतात. चालणारा आणि सायकलवाला हे दोघं या आकडेवारीत एकाच बाजूला आहेत, जीव गमावणाऱ्यांच्या.

म्हणून सायकलपासून पादचाऱ्याला धोकाच नाही, असं मात्र नाही. पंचविशीतला तरुण सायकलच्या धक्क्याने पडला तर कपडे झटकून उठतो. पंचाहत्तरीची व्यक्ती पडली तर खुब्याचं हाड मोडू शकतं, आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे कधीकधी कायमचं अंथरूण. शिवाय आकडेवारीत न दिसणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे भीती. दोन-तीनदा सायकल अंगावरून गेल्यासारखी वाटली, की म्हातारी माणसं त्या रस्त्याने जाणंच बंद करतात. अपघात झालेला नसतो, त्यामुळे त्याची नोंद कुठेच होत नाही.

माणूस चुकीच्या बाजूला का सरकतो?

चालणारा माणूस हा रस्त्यावरचा सगळ्यात अनिश्चित प्राणी आहे, आणि तो तसा असणं साहजिक आहे. मोटारीला वळायला वेळ लागतो, सायकललाही लागतो. चालणारा मात्र एका पावलात दिशा बदलतो. चाफ्याचा वास आला, ओळखीचं कुणी दिसलं, फोन वाजला, खाली डबकं दिसलं, की तो वळतो किंवा जागच्या जागी थांबतो. त्याला मागे डोळे नाहीत, आरसे नाहीत. सायकल जवळजवळ आवाज न करता येते, आणि रहदारीच्या गोंगाटात तो थोडासा आवाजही बुडून जातो. त्यामुळे मागून येणारी सायकल चालणाऱ्याच्या दृष्टीने अचानकच उगवते.

दचकलेला माणूस विचार करून हलत नाही. आवाज कुठून आला हे पाहायला तो मान वळवतो, आणि मान वळली की पाऊलही त्याच बाजूला पडतं. "उजवीकडून, उजवीकडून!" असं ओरडलं तर काही जण नेमके उजवीकडे जातात, कारण कानावर पडलेला पहिला शब्द 'उजवीकडे' हा असतो आणि त्याचा अर्थ 'तुम्ही उजवीकडे व्हा' असा लागतो. दोघं-तिघं बरोबर चालत असतील तर एक डावीकडे, एक उजवीकडे आणि तिसरा मधोमध, असा घोळ होतो. सायकलस्वाराने या घोळाचा हिशेब आधीच धरायला हवा.

सगळा खेळ वेगाचा

माणूस साधारण ताशी ४ ते ५ किलोमीटर वेगाने चालतो. रोजच्या वापरातली सायकल ताशी १५ ते २० ने जाते, सरावाच्या गियरच्या सायकली २५ च्या पुढेही सहज जातात. म्हणजे सायकल चालणाऱ्याच्या तिप्पट ते पाचपट वेगात असते. मोटारीच्या रस्त्यावर एवढा फरक असलेली दोन वाहनं एकाच मार्गिकेत धावू लागली तर त्याला सगळेच धोकादायक म्हणतील.

थांबायला किती अंतर लागतं, हे साध्या हिशेबाने कळतं. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. समोर कुणीतरी आडवं आलं हे कळून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर सायकल ५ मीटर पुढे गेलेली असते. नंतर नेहमीच्या ब्रेकने थांबायला आणखी ४ मीटर. एकूण ९ मीटर, म्हणजे दोन मोटारींच्या लांबीएवढं. हाच वेग ताशी १० असेल तर एकूण ४ मीटर पुरतात. ताशी २५ असेल तर १५ मीटरही कमी पडू शकतात. रस्ता ओला असेल, ब्रेकचे रबर झिजले असतील किंवा कॅरियरवर गॅसची टाकी बांधलेली असेल, तर हे आकडे आणखी वाढतात.

वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, हे शाळेतलं भौतिकशास्त्र इथेही लागू आहे. म्हणूनच चालणाऱ्यांच्या जागेत सायकलला परवानगी देणाऱ्या देशांत सगळ्यात महत्त्वाची अट वेगाची असते. जर्मनीत पादचारी रस्त्यावर सायकलला मुभा देणारी पाटी असेल, तर तिथे चालण्याच्याच वेगाने जावं लागतं. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात 'वूनर्फ' नावाची वस्तीतल्या रस्त्यांची कल्पना आली आणि १९७६ मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला. तिथे मुलं रस्त्याच्या मधोमध खेळू शकतात आणि वाहनांनी त्यांच्या बेताने जायचं असतं. जपानमध्ये ठरावीक फुटपाथवर सायकल नेता येते, पण फुटपाथच्या रस्त्याकडच्या बाजूने, लगेच थांबता येईल इतक्या हळू, आणि चालणाऱ्याची अडचण होत असेल तर चक्क थांबून.

घंटी वाजवावी की नाही?

यावर जगात एकमत नाही. ब्रिटनचा हायवे कोड सायकलस्वाराला सांगतो की चालणाऱ्याच्या जवळून, विशेषतः मागून, वेगात जाऊ नका. वेग कमी करा आणि गरज पडल्यास घंटी वाजवून आपण आहोत हे कळू द्या. पण समोरच्याला ऐकू येत नसेल, दिसत नसेल, हेही लक्षात ठेवा. जपानचा कायदा उलट बाजूने विचार करतो. धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तर गोष्ट वेगळी, एरवी फुटपाथवरच्या लोकांना बाजूला व्हायला लावण्यासाठी घंटी वाजवणं तिथे नियमात बसत नाही. जागा चालणाऱ्याची आहे, तुम्ही तिथे पाहुणे आहात, तेव्हा पाहुण्याने वाट पाहावी, असा त्यामागचा विचार.

वरवर विरुद्ध दिसणारे हे दोन नियम एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. 'मी इथे आहे' हे सांगणारी घंटी आणि 'बाजूला हो' असं सांगणारी घंटी यांत फरक आहे. आपल्याकडे हॉर्नची सवय इतकी मुरलेली आहे की दुसऱ्या प्रकारची घंटीच जास्त ऐकू येते.

फरक पडतो तो अंतराने. समजा सायकल ताशी २० ने येतेय आणि चालणारा त्याच दिशेने ताशी ४ ने चाललाय. दोघांमधलं अंतर सेकंदाला साधारण साडेचार मीटरने कमी होतं. १५ मीटरवरून एकदाच हलकी घंटी वाजवली, तर चालणाऱ्याला ऐकून, वळून, ठरवायला तीन सेकंदांहून जास्त वेळ मिळतो. ३ मीटरवरून वाजवली तर पाऊण सेकंदही मिळत नाही, फक्त दचकायला होतं. घंटी दिल्यावर समोरच्याने वळून पाहिलं किंवा हात केला, तर पुढे जावं. काहीच हालचाल झाली नाही, तर ऐकू गेलेलं नाही असं धरून सायकल त्याच्या चालीने मागे ठेवावी आणि मोकळी जागा मिळाल्यावर पुढे काढावी. कानात इअरफोन असणाऱ्यांची संख्या बघता हे बऱ्याचदा करावं लागतं.

घंटीपेक्षा पुष्कळदा आवाज बरा. "काका, आहात तसेच चाला, मी बाजूने जातो," एवढं वाक्य हळू वेगात सहज बोलता येतं. यात चालणाऱ्याला काही करायचंच नसतं, त्यामुळे चूक व्हायलाही जागा उरत नाही. आणि हे वाक्य नीट बोलता येत नसेल, तर वेग जास्त आहे एवढं सायकलस्वाराला कळतं.

पादचाऱ्याने काहीच करायचं नाही का?

करायचं, पण थोडं. जबाबदारीची वाटणी समान नाही, आणि ती तशी नसण्यात अन्यायही नाही. २९ जानेवारी २०२२ पासून ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये ही गोष्ट स्पष्ट शब्दांत आली. ज्याच्यामुळे दुसऱ्याला जास्त इजा होऊ शकते, त्याच्यावर जास्त जबाबदारी. ट्रकवर सगळ्यात जास्त, मग मोटार, मग मोटारसायकल, मग सायकल आणि घोडेस्वार. चालणारा या उतरंडीत तळाशी येतो. त्याच वेळी स्वतःच्या आणि इतरांच्या सुरक्षेची काळजी सगळ्यांनीच घ्यायची, असंही त्यात म्हटलंय.

चालणाऱ्याने सरळ रेषेत, एका चालीत चालणं ही सर्वांत मोठी मदत आहे. थांबायचं किंवा वळायचं असेल तर आधी खांद्यावरून मागे एक नजर टाकावी. सायकल मार्गिका ओलांडताना रस्ता ओलांडल्यासारखंच दोन्हीकडे पाहावं, कारण आपल्याकडे उलट दिशेने येणाऱ्या सायकली काही कमी नाहीत. चौघांनी हात पसरून ओळीत चालण्यात मौज असते, पण अरुंद जागेत दोघादोघांनी चाललेलं बरं. सायकल अगदी जवळ आल्याचं कळलं तर उडी मारू नये. जागच्या जागी थांबावं, थांबलेल्या माणसाला वळसा घालणं सायकलवाल्याला सोपं जातं.

कुत्र्याच्या साखळीचा धोका फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. माणूस फुटपाथच्या एका कडेला, कुत्रा दुसऱ्या कडेला आणि मध्ये ताणलेली बारीक दोरी. पहाटेच्या उजेडात ती सायकलस्वाराला दिसतच नाही. अशा ठिकाणी पट्टा आखूड धरणं कुत्र्याच्याही हिताचं आहे.

पुण्यात नेमकं काय बिघडलं?

पुणे कधीकाळी सायकलींचं शहर होतं, हे वाक्य आता इतकं घासून गुळगुळीत झालंय की ते ऐकून कुणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. पण त्या काळात सायकल हे नियमांत बसवलेलं वाहन होतं, हे विसरायला होतं. महापालिकेचा कर भरल्याचा धातूचा बिल्ला सायकलला लावावा लागे. रात्री दिवा नसेल तर पोलीस अडवत. डबलसीट दिसलं तर चाकातली हवा जाई, नाहीतर दंड तरी होई. सायकली रस्त्यावर चालत आणि माणसं फुटपाथवर, कारण रस्त्यावर सायकलींचीच संख्या जास्त होती आणि त्यांना दडपून टाकणारं काही नव्हतं.

मोटारसायकली वाढल्या तशी सायकल रस्त्याच्या कडेला गेली, आणि कडेला पार्किंग आल्यावर तिथूनही उठली. २००६ मध्ये पुण्यात बीआरटी आली तेव्हा तिच्याबरोबर सायकल ट्रॅकही आले. त्यातले बरेचसे फुटपाथच्याच पातळीवर, फुटपाथला लागून होते. कुठे मध्येच विजेचा डीपी, कुठे झाड, कुठे चहाची टपरी, तर कुठे दर वीस-तीस मीटरला सोसायटीच्या गेटचा उतार. चढ-उतार करत, डीपीला वळसे घालत त्यावरून सायकल चालवणं म्हणजे कसरत होती. त्यामुळे सायकलवाले त्यावर गेले नाहीत, चालणारे गेले, आणि मागोमाग मोटारसायकली गेल्या. २०१७ च्या अखेरीस महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली रस्त्यांवर दिसू लागल्या आणि काही काळाने दिसेनाशाही झाल्या.

जंगली महाराज रस्ता नव्याने बांधला गेला तेव्हा फुटपाथ प्रशस्त झाला, बसायला जागा झाल्या, लहान मुलांना खेळायच्या वस्तूही आल्या. चालण्यासाठी पुण्यातला हा एक उत्तम रस्ता आहे, यात शंका नाही. पण माणसांना छान वाटेल अशी जागा आणि सायकलला सलग जाता येईल अशी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे लोक रेंगाळावेत अशी रचना केली आहे, तिथून वेगात जाणारं काहीही गेलं तरी खटका उडणारच. आणि फरशीवर रंगवलेलं सायकलचं चित्र कितीही मोठं असलं तरी चालणारे ते वाचत नाहीत. पाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहराला हे वेगळं सांगायला नको.

रुंदीचा प्रश्न तर निव्वळ बेरजेचा आहे. दोन माणसं शेजारी चालायला साधारण १.२ मीटर लागतात. सायकलचं हँडल ६० सेंटिमीटरच्या आसपास असलं तरी ती थोडी डुलत जाते, म्हणून तिला १ मीटर हवा. दोघांमध्ये निदान अर्धा मीटर, आणि कडेच्या भिंतीपासून थोडं अंतर. बेरीज ३ मीटरच्या घरात जाते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निवासी भागातल्या फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी असं म्हटलंय. ती निव्वळ चालण्यासाठी आहे. त्यात सायकल बसवली, तर कुणाला तरी खाली उतरावं लागणार. ब्रिटनच्या परिवहन खात्याने जुलै २०२० मध्ये सायकल रस्त्यांच्या रचनेचे नवे निकष काढले. शहरात फुटपाथ सायकलबरोबर वाटून देणं शक्यतो टाळा, सायकल हे वाहन आहे असं धरून तिला वेगळी जागा द्या, असा त्यांचा सूर आहे.

कायदा काय सांगतो?

वाहनचालकांसाठी असलेल्या केंद्राच्या नियमांनुसार गणवेशातल्या पोलिसाने परवानगी दिल्याशिवाय फुटपाथवर किंवा सायकल ट्रॅकवर मोटार वाहन नेता येत नाही. पण साधी सायकल मोटार वाहन नाही, तेव्हा तिला हा नियम लागत नाही. मग फुटपाथवर सायकल चालते का?

महाराष्ट्रात तरी नाही. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमानुसार फुटपाथवर जनावर किंवा वाहन चालवायला, ढकलायला किंवा सोडून जायला मनाई आहे. अपवाद फक्त बाबागाडीचा. वाहन या शब्दाच्या व्याख्येत त्या कायद्याने सायकलही धरली आहे. शब्दशः वाचलं, तर फुटपाथवर सायकल हातात धरून नेणाराही अडचणीत येईल! प्रत्यक्षात हातात सायकल घेऊन चालणाऱ्याला कुणी अडवत नाही, आणि गर्दीत तोच सगळ्यात शहाणपणाचा मार्ग आहे. सायकल ट्रॅक म्हणून आखलेली पट्टी अर्थातच वेगळी. तिथे सायकलचा हक्क आहे.

मुलांचं काय, हा प्रश्न आपल्या कायद्याने सोडवलेला नाही. आठ वर्षांच्या मुलीला कर्वे रस्त्याच्या रहदारीत सायकल घालायला कोणते आईबाप सांगतील? जर्मनीने याचं उत्तर वयानुसार दिलंय. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांनी रस्त्यावर जायचंच नाही, फुटपाथवर किंवा रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या सायकल मार्गावरच चालवायचं. दहापर्यंत फुटपाथची मुभा. बरोबरच्या मोठ्या माणसालाही लहानग्यासोबत फुटपाथवर सायकल चालवता येते. अट एवढीच, की चालणाऱ्यांना सांभाळायचं आणि रस्ता ओलांडताना मुलांनी खाली उतरायचं.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त फुटपाथ हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं आणि फुटपाथ अपंग व्यक्तींनाही वापरता येतील असे असावेत, यावर भर दिला.

वेगाला मर्यादा असलेल्या विजेच्या गाड्यांनी आता यात नवा गुंता केला आहे. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर केंद्राच्या नियमांत अशी गाडी मोटार वाहन ठरत नाही. लायसन्स नको, नंबर प्लेट नको. डिलिव्हरीचं काम करणारी अनेक मुलं अशा गाड्या वापरतात. दहा मिनिटांत सामान पोहोचवायचं दडपण डोक्यावर असतं आणि समोर सिग्नल तुंबलेला असतो. गाडी फुटपाथवर चढते. पोलीस अधिनियमाची मनाई तिलाही लागू आहे, पण पकडायचं कोणी आणि ओळखायचं कशावरून?

ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी

फुटपाथवर पिवळ्या, उठावदार रेघा आणि ठिपक्यांच्या फरश्या असतात. अनेकांना ती सजावट वाटते. सेइची मियाके या जपानी माणसाने ही कल्पना काढली आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर अशा फरश्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. रेघा म्हणजे पुढे चला, ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. पांढरी काठी घेऊन चालणारी व्यक्ती या पट्टीला धरून चालते. सायकल नेमकी याच पट्टीवर उभी केलेली असली, तर त्या व्यक्तीचा रस्ताच पुसला जातो.

एकमेकांच्या नजरेला नजर देऊन वाट काढायची, या कल्पनेची मर्यादाही इथेच कळते. डच वाहतूक अभियंते हान्स मोंडरमान यांनी सिग्नल, पाट्या, फुटपाथची कड हे सगळं काढून टाकून रस्ता सर्वांसाठी एकसारखा करण्याचे प्रयोग केले. ड्राख्टेन गावातला त्यांचा चौक जगभर गाजला. खुणा नसल्या की माणसं सावध होतात, डोळ्यांनी बोलतात, हळू जातात, असा त्यामागचा विचार. लंडनच्या एक्झिबिशन रोडवरही २०१० नंतर असा एकाच पातळीचा रस्ता झाला. पण डोळ्यांनी बोलायचं तर डोळे हवेत. फुटपाथची कड ज्यांना काठीला लागते, तेव्हाच ते कुठे आहेत हे कळतं, त्यांची कडच नाहीशी झाली. अंध व्यक्तींच्या संघटनांनी सातत्याने विरोध केला आणि २०१८ मध्ये ब्रिटन सरकारने गजबजलेल्या रस्त्यांवरच्या अशा एकसपाट योजना थांबवायला सांगितलं.

त्यामुळे पांढरी काठी दिसली, तर सायकलस्वाराने नजरेची अपेक्षा ठेवू नये. वेग पूर्ण कमी करावा, तोंडाने सांगावं आणि शक्य असेल तर त्या व्यक्तीला पुढे जाऊ द्यावं.

बसस्टॉपची अवघड जागा

सायकल मार्गिका आणि फुटपाथ नीट वेगळे केले तरी एका ठिकाणी दोघांची गाठ पडतेच. बस थांबते, दार उघडतं, लोक उतरतात ते थेट सायकलच्या वाटेत. डेन्मार्कने यासाठी सोपा नियम केलाय. बसमधून उतरणाऱ्यांसाठी सायकल मार्गिका आणि रस्ता यांच्यामध्ये उभं राहायला ओटा असेल, तर प्रवाशांनी सायकली जाऊ द्यायच्या. ओटा नसेल, तर सायकलवाल्यांनी थांबून प्रवाशांना जाऊ द्यायचं. म्हणजे थांबायचं कोणी, हे जागेच्या बांधणीवरूनच कळतं, वाद घालायची वेळ येत नाही. आपल्याकडे बस स्टॉपपासून दोन हात लांब, रस्त्याच्या मधोमधच थांबते. तेव्हा बस थांबलेली दिसली, की डाव्या बाजूने जाणाऱ्या सायकलवाल्याने ब्रेकवर बोटं ठेवावीत हे उत्तम.

दुसरी अवघड जागा म्हणजे सोसायटीची आणि दुकानांची दारं. भिंतीला घासून सायकल चालवली तर दारातून बाहेर पडणारा माणूस दिसायला वेळच मिळत नाही. तिसरी म्हणजे अंधार. बिल्ला गेला तो गेला, पण दिवा जायला नको होता. पुढे पांढरा आणि मागे लाल, एवढे दोन छोटे दिवे असले तरी चालणाऱ्याला सायकल लांबूनच कळते. फक्त पुढचा दिवा खाली झुकलेला असावा. समोरच्याच्या डोळ्यांत गेला तर त्याला काहीच दिसेनासं होतं.

धक्का लागलाच तर

सायकलच्या धडकेत कुणाला इजा झाली, तर भारतीय न्याय संहितेतली निष्काळजीपणाने वाहन चालवण्याची आणि इजा केल्याची कलमं सायकलस्वारालाही लागू शकतात, त्यासाठी वाहन मोटारीचंच असायला हवं असं नाही. मात्र सायकलला विमा सक्तीचा नाही आणि मोटार अपघात दाव्यांचं न्यायाधिकरण मोटार वाहनांपुरतंच आहे. त्यामुळे भरपाई मिळवायची झाली तर दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता उरतो. बहुतेक प्रकरणं जागेवरच 'जाऊ द्या' म्हणून मिटतात.

तशी मिटवताना एक काळजी घ्यावी. पडलेल्या व्यक्तीला, विशेषतः ज्येष्ठ व्यक्तीला, हाताला धरून घाईने उभं करू नये. पाय हलवता येतोय का, खुब्यात दुखतंय का, हे आधी विचारावं. उभं राहताच येत नसेल, तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. डोक्याला मार लागला असेल तर बाहेरून जखम दिसत नसली तरी आत रक्तस्राव होऊ शकतो, आणि त्याची लक्षणं काही तासांनी, कधी काही दिवसांनीही दिसतात. वाढती डोकेदुखी, उलटी, गुंगी, बोलण्यात असंबद्धपणा यांपैकी काहीही जाणवलं तर थेट रुग्णालय गाठावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर लक्षणांची वाट न पाहता दाखवून यावं आणि गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधी सांगावं. निघण्यापूर्वी घरच्या कुणाचा तरी नंबर विचारून फोन लावून द्यावा.